छोट्या अमेरिकन गावात बार्न क्विल्ट लावायची असेल तर: नवख्यांसाठी पहिल्यापासून सगळं

ओहायो, केंटकी, आयोवा, इंडियाना अशा कुठेही नोकरीनिमित्त राहायला आलात आणि सुट्टीच्या दिवशी गाडी काढून गावाबाहेर पडलात की एक गोष्ट दिसतेच. लांबवर जुनं बार्न, म्हणजे शेतावरचं मोठं कोठार, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर मोठ्ठा रंगीत चौकोन. कधी चांदणी, कधी भिंगरी, कधी नुसती त्रिकोणांची रांग. त्यालाच बार्न क्विल्ट म्हणतात. कापडाचा काही संबंध नाही, गोधडीतला एक ब्लॉक, म्हणजे नक्षीचा एक चौकोन, प्लायवूडवर रंगवून वर चढवलेला असतो.

बऱ्याच जणांना वाटतं की हे फार जुनं, शेदोनशे वर्षांचं असणार. तसं नाहीये. गोधड्यांचे पॅटर्न जुने आहेत पण ते असे बार्नवर लावत जायची ही चळवळ २००१ मध्ये ओहायोच्या अॅडम्स काऊंटीत सुरू झाली. डोना स्यू ग्रोव्ह्ज यांना आपल्या शेतावरच्या तंबाखूच्या जुन्या बार्नवर आईसाठी गोधडीचा ब्लॉक रंगवायचा होता, आई म्हणजे मॅक्झिन ग्रोव्ह्ज, त्या स्वतः गोधड्या शिवायच्या. तिथल्या लोकांनी म्हटलं एकाच बार्नवर कशाला, आणि गाडीने फिरत बघता येतील असे २० ब्लॉक काऊंटीत लावायचे ठरले. पहिला लागला तो ओहायो स्टार, आणि तोसुद्धा ग्रोव्ह्ज यांच्याकडे नाही, एका हर्ब फार्मच्या बार्नवर. मॅक्झिनबाईंच्या बार्नवर स्नेल्स ट्रेल हा ब्लॉक नंतर लागला. असे गाडीने फिरत बघायचे मार्ग म्हणजे क्विल्ट ट्रेल, त्या आता अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आहेत, कॅनडातही आहेत.

हा इतिहास मुद्दाम सांगतेय, कारण यात एका मुलीला आपल्या आईची गोधडी दिसली पाहिजे असं वाटलं होतं, आणि तुम्ही करायला घ्याल तेव्हाही माझं हेच सांगणं आहे की आधी गोधडी आणि ती शिवणारी बाई शोधा, रंग आणि प्लायवूड त्यानंतर. नेटवरून छानसा पॅटर्न उचलून रंगवता येतोच, खूप लोक तसं करतात, पण मग ते नुसतं डेकोरेशन होतं. अलाबामातल्या जीज् बेंडला (आता त्या गावाचं नाव बॉयकिन आहे) रस्त्याकडेला तिथल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांचीच मोठी चित्रं लावलीत, त्याच गावातल्या गोधड्या २००६ मध्ये अमेरिकन पोस्टाच्या तिकिटांवर आल्या होत्या. तिथे गेलं की हे कुणाचं काम आहे ते कळतं. तुमच्या गावातही हे व्हायला काही हरकत नाही.

आणि खऱ्या गोधड्याच का नाही लावत बाहेर, असा प्रश्न पडेल. लावतात की, ओरेगॉनमध्ये सिस्टर्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९७५ पासून जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी अख्ख्या गावातल्या दुकानांवर, कठड्यांवर खऱ्या गोधड्या टांगतात. पण तो एका दिवसाचा सोहळा. कापड उन्हापावसात ठेवलं तर एका सीझनमध्ये संपेल. वर्षभर दिसायला हवं असेल तर मग रंगवलेली पाटीच.

१. आधी गोधडी शोधा

गावात क्विल्ट गिल्ड असतं, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या मंडळींचा ग्रुप, महिन्यातून एकदा लायब्ररीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात. तिथे जा. शिवणकाम येत नसलं तरी चालतं, आपण कोण, कुठे राहतो आणि काय करायचंय एवढं सांगितलं की पुरतं. काऊंटी हिस्टॉरिकल सोसायटी आणि काऊंटी एक्स्टेन्शन ऑफिसातही (विद्यापीठातर्फे चालणारं शेती-घरकामाचं सल्ला केंद्र) विचारा. आपल्याकडे क्विल्ट ट्रेल आधीपासून आहे का, ती कोण चालवतं, हे तिथेच कळेल. ट्रेल असेल तर तिच्या कमिटीला आधी भेटायचं, सगळं तयार करून मग नाही, कारण साइज, रंग, नोंदणी याचे त्यांचे स्वतःचे नियम असतात आणि काही ठिकाणी तर प्लायवूडसुद्धा तेच देतात.

एकदा कुणी घरी बोलावलं की घाई करायची नाही. आमच्या शेजारच्या एका आजींनी बेडवर गोधडी पसरली, एका निळ्या फुलाफुलांच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या हा माझ्या आईच्या फ्रॉकचा, आणि तो फ्रॉक कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचा. तेव्हा, म्हणजे १९३०-४० च्या आसपास, पीठ आणि जनावरांचं खाद्य छापील सुती पोत्यांत यायचं आणि बायका ती उसवून कपडे शिवायच्या, उरलेलं गोधडीत. ही माहिती पॅटर्नच्या कुठल्याही लिस्टमध्ये मिळत नाही, ती तिथे बसल्यावरच मिळते.

विचारायचं काय: कुणी शिवली, कुणासाठी, साधारण कधी, या ब्लॉकला त्यांच्या घरात काय नाव होतं, कापड कुठलं. घरात जे नाव असेल तेच लिहून घ्या, कारण एकाच पॅटर्नला गावोगाव वेगळी नावं असतात आणि पुढे ट्रेलच्या नकाशावर त्यांच्या घरातलंच नाव आलं पाहिजे.

फोटो काढायचे ते खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून. एक पूर्ण गोधडीचा, एक एकाच ब्लॉकचा वरून सरळ, बाजूला पट्टी ठेवून, आणि कोपऱ्यात नाव-तारीख शिवलेली असेल तर तिचा. गोधडी घरी घेऊन जाऊ का असं विचारू नका, दिली तरी नेऊ नका. रंग ठरवताना पेंटच्या दुकानातली कलर कार्डं घेऊन परत त्यांच्याकडे जा आणि गोधडीला लावून बघा. वरचा रंग उडालेला असतो, शिवणीच्या घडीत हळूच डोकावलं तर मूळ रंग दिसतो.

कुणी विचारेल की आपल्या आजीची गोधडी लावली तर? माझ्या मते जरूर लावा, बऱ्याच ट्रेलमध्ये घरच्या गोधडीवरून केलेला ब्लॉक चालतो. फक्त एवढं बघा की जुन्या साड्यांच्या गोधडीचं सौंदर्य धावदोऱ्याच्या ओळींत असतं आणि त्या रस्त्यावरून दिसत नाहीत, त्यामुळे जिच्यात चौकोनी तुकडे किंवा ठिगळं जोडलेली आहेत अशी निवडा. पण गावात नवीन असाल आणि एकच लावायची असेल, तर पहिली गावातल्याच कुणाची तरी लावा. त्यांच्या रस्त्यावर त्यांच्या माणसाची गोधडी तुम्ही लावलीत हे लोक विसरत नाहीत.

२. भिंत कुणाची आणि परवानगी कुणाची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्वतःचं बार्न असलं पाहिजे असं नाही, गॅरेज, शेड, लायब्ररीची भिंत, फायर स्टेशन, अगदी अंगणातला खांब पण चालतो. पण कुणाचीही परवानगी तोंडी धरू नका.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाचं लेखी पत्र. HOA असेल, म्हणजे सोसायटीसारखं, तर त्यांच्या आर्किटेक्चरल कमिटीचा फॉर्म भरायचा आणि उत्तर हातात येईपर्यंत थांबायचं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने शेजारच्या सगळ्यांना आवडलं म्हणून चढवून टाकली आणि नंतर उतरवावी लागली, पत्र आलं त्यांना, आणि उतरवताना एक कोपरा फुटला तो वेगळाच.

गावाच्या हद्दीत असाल तर झोनिंग ऑफिस, म्हणजे जागेच्या वापराचे नियम बघणारं. तिथे प्रश्न असा असतो की तुमची पाटी त्यांच्या नियमात साइन (फलक) म्हणून धरायची की म्यूरल (भित्तिचित्र) म्हणून की कशातच नाही. जाताना स्केच आणि भिंतीचा फोटो न्या, स्केचवर माप लिहिलेलं असू दे, आणि यावर एकही अक्षर नाही, जाहिरात नाही हे स्पष्ट सांगा. हा मोठा ट्रॅप आहे: पाटीवर फार्मचं किंवा धंद्याचं नाव टाकलं की ती साधारणपणे साइन ठरते आणि मग साइनची फी, मापं, सगळं लागू होतं. नाव टाकायचंच असेल तर खाली वेगळी छोटी पाटी करा आणि तिचं वेगळं विचारा.

गाव हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जतन केलेल्या जुन्या भागात, असेल तर दर्शनी भागात काहीही बदलायला सर्टिफिकेट ऑफ अॅप्रोप्रिएटनेस, म्हणजे हिस्टॉरिक बोर्डाची लेखी मंजुरी, लागू शकतं. त्या बोर्डाची मीटिंग रोज नसते, म्हणून हे पहिल्यांदा विचारून घ्या. गावाबाहेर शेतीच्या इमारतींना बऱ्याच ठिकाणी नियम सैल असतात, तरी काऊंटीत एक फोन करा. आणि रस्त्यालगतच्या सरकारी पट्ट्यात, म्हणजे राइट ऑफ वेमध्ये, खांब पुरायचा नाही. कुंपण तुमचं वाटतं पण ती जागा बहुतेक वेळा तुमची नसते.

भिंत निवडताना अजून एक. लोक बघायला येणार, गाडी हळू करणार. वळणावर किंवा चढाच्या टोकाला असलेली भिंत कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. समोर गाडी बाजूला घेता येईल एवढी जागा आहे का, मे महिन्यात झाडाला पानं आल्यावर भिंत दिसते का, हे आधी बघा. हिवाळ्यात भिंत निवडणारे यात फसतात.

३. कागदपत्रं एका फोल्डरमध्ये

- जागेच्या मालकाचं लेखी संमतीपत्र, त्यात पाटी कुणाच्या मालकीची आणि उतरवायची वेळ आली तर कोण उतरवणार हे लिहिलेलं
- HOA, झोनिंग किंवा हिस्टॉरिक बोर्डाचं उत्तर, ईमेल असेल तर प्रिंट
- स्केच, रंगीत, मापांसकट
- भिंतीचे फोटो, एक जवळून एक रस्त्यावरून
- गोधडीच्या मालकिणीची संमती, फोटो आणि गोष्ट वापरायला, नाव छापायचं की नाही हे त्यांच्याच शब्दांत
- ट्रेलचा अर्ज
- घराच्या इन्शुरन्स एजंटला कळवल्याचा ईमेल

पॅटर्नबद्दल एक सांगायचं राहिलं. ओहायो स्टार, पिनव्हील, बेअर्स पॉ असे पारंपरिक ब्लॉक सगळ्यांचे आहेत, कुणीही रंगवावे. पण आजच्या एखाद्या डिझायनरने काढलेला नवा पॅटर्न असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागते.

४. माप आणि गणित

नेहमीचं माप ८ फूट बाय ८ फूट, कारण प्लायवूडची शीट ४ बाय ८ ची येते आणि दोन जोडल्या की झालं. एवढी मोठी पाटी शेतात लांब असलेल्या बार्नसाठी. गावातल्या गॅरेजला ४ फूट बाय ४ फूट पुरते आणि पहिलीच वेळ असेल तर मी हीच करायला सांगेन.

ब्लॉक ग्रिडवर बसतो. ओहायो स्टार ३ बाय ३ घरांचा, पिनव्हील ४ बाय ४ वर बसतो, बेअर्स पॉ ७ बाय ७ चा. ८ फूट म्हणजे ९६ इंच. आता ९६ ला ७ ने भागून बघा, १३.७१ येतं आणि आखणीचा सत्यानाश होतो. उपाय म्हणजे बॉर्डर. सगळीकडून अडीच इंच बॉर्डर सोडली की ९१ उरतात आणि घर बरोबर १३ इंचाचं. ३ बाय ३ ला ३ इंच बॉर्डर सोडली की ९० उरतात, घर ३० इंचाचं. ५ बाय ५ असेल तर त्याच ९० मध्ये घर १८ चं. ४ बाय ४ घरांना बॉर्डर नकोच असेल तर सरळ २४. बॉर्डर तशीही छान दिसते, चौकोन भिंतीपासून सुटा दिसतो.

दोन शीटमधला सांधा कुठून जातो ते पण बघा. ४ बाय ४ घरांच्या ब्लॉकमध्ये तो बरोबर घराच्या रेषेवर येतो, लपून जातो. ३ बाय ३ मध्ये मधल्या घरांच्या पोटातून जातो, त्यामुळे दोन्ही शीट जमिनीवर किंवा सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर शेजारी घट्ट लावून एकत्रच आखायच्या, वेगवेगळ्या आखल्या तर वर गेल्यावर त्रिकोण जुळत नाहीत.

रंग जास्त नकोत, तीन, फार तर चार. गोधडीतलं फुलाफुलाचं कापड लांबून एकच रंग दिसतं, म्हणून त्यातला जो रंग लांबून जाणवतो तो घ्या. स्केचचा फोटो काढून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट करा: शेजारचे दोन रंग सारखेच करडे दिसले तर रस्त्यावरूनही ते एकत्रच दिसणार, त्यातला एक गडद करा. लाल रंगाचं जपून, भडक लाल उन्हात लवकर फिका पडतो. विटकरी, गेरूसारखे मातीचे रंग जास्त टिकतात, जुन्या बार्नचा तो लाल पण आयर्न ऑक्साइडचाच असायचा.

५. सामान

- MDO प्लायवूड, अर्धा इंच. रस्त्यावरच्या पाट्यांना वापरतात तेच, वर रेझिनवाला कागद असतो त्यामुळे एकदम गुळगुळीत. मोठ्या दुकानात नसलं तर लाकडाच्या वखारीत किंवा साइन बनवणाऱ्यांकडे विचारा. साधं प्लायवूड घेऊ नका, थोड्याच वर्षांत पापुद्रे सुटतात.
- बाहेरचा प्रायमर, आणि बाहेरचा अॅक्रिलिक लेटेक्स पेंट, प्रत्येक रंगाचा एक क्वार्ट, सगळ्यात फिक्याचे दोन, कारण तो अख्ख्या पाटीला दोन हात लागतो. एका क्वार्टमध्ये साधारण ९०-१०० चौरस फूट एक हात होतो आणि तुमची अख्खी पाटीच ६४ ची आहे, तेव्हा गॅलन घेऊ नका.
- पेंटर्स टेप चांगल्या प्रतीचा. खाकी मास्किंग टेप नको.
- लांब लोखंडी पट्टी, काटकोन, खडूची दोरी, पेन्सिल, हलक्या हाताने चालणारी कटर
- छोटे फोम रोलर, दोन इंची ब्रश
- १०० आणि २२० चा सॅंडपेपर, कॉल्क (फटी भरायची पेस्ट)
- २ बाय ४ इंची लाकडी पट्ट्या, गंज न धरणारे स्क्रू, लॅग स्क्रू (पान्याने पिळायचे जाड लांब स्क्रू)

दुकानात चुकून मिक्स झालेले रंग स्वस्तात ठेवलेले असतात, बघायला हरकत नाही, पण डब्यावर एक्स्टीरियर लिहिलंय ना ते वाचा, निम्मे तरी घरातल्या भिंतींचे असतात.

६. रंगवणं

या भागाला वेळ द्या. बाकी सगळं लांबून कुणाला दिसत नाही, रेषा दिसतात.

पहिलं काम कडा. MDO वरून खालून मजबूत असतं पण कापलेल्या कडेतून पाणी पितं, त्यामुळे कडा घासून घ्या, भोकं कॉल्कने भरा आणि कडांना प्रायमरचे दोन-तीन हात द्या, सढळ हाताने. मग पुढून आणि मागून दोन्हीकडून प्रायमर. मागची बाजू कोण बघणार म्हणून सोडली तर एकाच बाजूने ओल धरते आणि पाटी वाकते.

प्रायमर वाळला की अख्ख्या पाटीला सगळ्यात फिका रंग दोन हात. आता आखणी. आधी कर्ण मोजा, ८ बाय ८ चा कर्ण १३५ आणि पाऊण इंच आला पाहिजे आणि दोन्ही कर्ण सारखे, ४ फुटी पाटीला ६८ ला किंचित कमी. नाही आले तर पाटी काटकोनात नाहीये, पुढे जाऊ नका. पेन्सिल हलकी चालवा. मार्कर अजिबात नको, त्याची शाई पेंटचे तीन हात दिले तरी वर येते.

ओहायो स्टार घेतलात तर नऊ घरं आखा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी जी चार मधली घरं आहेत त्यांना दोन-दोन कर्ण मारा, प्रत्येकात चार त्रिकोण होतात. वरच्या घरात डावा आणि उजवा त्रिकोण गडद, डाव्या घरात वरचा आणि खालचा. हे उलटं केलं तर चांदणी होतच नाही, म्हणून टेप लावायच्या आधी प्रत्येक घरात पेन्सिलने रंगाचं पहिलं अक्षर लिहून ठेवा आणि लांब जाऊन बघा.

आता टेप. टेपची कड बरोबर रेषेवर आणि टेपचं अंग ज्या भागात रंग नकोय त्या बाजूला. त्रिकोणाच्या टोकाला टेप एकमेकांवर चढवा आणि कटरने अगदी हलकं कापा, खालचा रंग कापला जाता कामा नये. मग जुन्या प्लास्टिक कार्डाने कड दाबत न्या, पूर्ण लांबी. यानंतरची पायरी बरेच लोक गाळतात आणि तिथेच रेषा फुटते: टेपच्या कडेवरून आधी तोच खालचा फिका रंग पातळसा फिरवायचा. टेपखाली जी काही बारीक फट राहिलीय ती त्या रंगाने बंद होते, पाझरला तरी फिक्यावर फिकाच पाझरतो, दिसत नाही. तो वाळला की मग गडद रंग, पातळ हात, दोन किंवा तीन. जाड हात दिला की टेपजवळ रंगाची कड उभी राहते.

टेप शेवटचा हात थोडा चिकट असतानाच काढा, स्वतःवरच दुमडून, तिरका ओढत, सावकाश. पूर्ण वाळल्यावर ओढला तर रंगाची कातडी निघून येते. आणि दोन शेजारी आकार एकाच दिवशी करायचे नाहीत, नुकत्याच रंगवलेल्या भागावर टेप लावायचा तर निदान एक दिवस जाऊ द्या, थंडी किंवा दमट हवा असेल तर दोन. एका दिवशी समोरासमोरचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्यामधले, असा क्रम लावला की काम थांबत नाही.

तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली असेल तर नेहमीचा लेटेक्स पेंट नीट बसत नाही. थंडीत करायचं तर गरम गॅरेज हवं. माझा सल्ला असा की थंडीत माणसांना भेटा, परवानग्या घ्या, वसंतात रंगवा आणि जूनमध्ये चढवा.

वरून क्लियर कोट द्यायचा का यावर दोन मतं आहेत. मला तो नको वाटतो, बरेचसे पॉलियुरेथेन उन्हात पिवळे पडतात आणि मग पापुद्रे निघाले की पूर्ण घासावं लागतं. चांगला एक्स्टीरियर पेंट तसाच सोडलेला बरा, पुढे वरून परत हात देता येतो.

७. चढवणं

८ बाय ८ ची पाटी शंभर पौंडाच्या आसपास जाते आणि वाऱ्यात शिडासारखी फुगते. शिडीवर चढून दोघांनी हे करायचं नाही, कितीही आत्मविश्वास असला तरी नाही. बऱ्याच गावांत वीज कंपनीची किंवा फायर डिपार्टमेंटची माणसं बकेट ट्रक घेऊन येतात, ट्रेलची कमिटी असेल तर त्यांचं ठरलेलं असतं. नसेल तर लिफ्ट भाड्याने घ्या आणि चालवायला जाणकार माणूस.

बार्नच्या फळ्यांना थेट स्क्रू मारायचे नाहीत, आतून लाकडी सांगाडा कुठे आहे ते बघा आणि बाहेरून तिथे २ बाय ४ च्या पट्ट्या लॅग स्क्रूने पक्क्या करा. पाटी त्या पट्ट्यांवर. मागे हवा खेळते, ओल राहत नाही. खालची शीट आधी, मग वरची तिच्यावर टेकवून. पत्र्याचं बार्न असेल तर रबरी वॉशरवाले स्क्रू, नाहीतर त्या भोकातून पाणी आत. शेवटी स्क्रूच्या डोक्यांना त्या त्या रंगाचा ठिपका द्या.

वारा असेल त्या दिवशी काम पुढे ढकला, ट्रक आलेला असला तरी. आणि जिच्या घरातली गोधडी आहे त्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवा, खुर्ची घेऊन जा त्यांच्यासाठी, या कामाला अर्धा दिवस सहज जातो.

८. गोष्ट लिहिणं आणि नकाशावर नोंद

ट्रेलच्या नकाशावर यायला पत्ता किंवा लोकेशन, ब्लॉकचं नाव, फोटो आणि चार-पाच ओळींची गोष्ट लागते. गोष्ट आजींनी सांगितली तशी लिहा आणि छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. पत्ता उघड छापायला जागेच्या मालकाची हो आहे ना हे परत एकदा विचारा, कारण तो छापला की अनोळखी लोक ड्राइव्हवेमध्ये गाडी घालतात. रस्त्यावरूनच बघा अशी ओळ नकाशात टाकून घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना गोधड्यांच्या पॅटर्नमधून गुप्त खुणा दिल्या जायच्या, अमुक ब्लॉक म्हणजे निघा, तमुक म्हणजे इथे आसरा आहे, असं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळेल. ऐकायला फार सुंदर आहे पण इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि त्यातले काही ब्लॉक तर त्या काळानंतरचे आहेत. पाटीखाली ते लिहू नका. जे लोक खरंच तसे पळाले आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याबद्दल खरी माहिती भरपूर आहे, हिस्टॉरिकल सोसायटीत विचारा. आणि तुमच्याकडे कोंबडीच्या खाद्याच्या पोत्याचा निळा तुकडा आहे, तो खरा आहे, तेवढा पुरतो.

९. नंतर

वर्षातून एकदा, वसंतात, दुर्बिणीतून बघा नाहीतर फोनने झूम करून: कडा फुगल्यात का, स्क्रूजवळ गंजाचा ओघळ आहे का, वरच्या बाजूला गांधीलमाशांचं पोळं आहे का. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पाटीचा रंग लवकर उडतो. प्रत्येक रंगाच्या डब्यावरचं लेबल, मिक्सच्या कोडसकट, फोटो काढून फोल्डरमध्ये ठेवा, उरलेला पेंट गोठू देऊ नका, गोठला की तो बऱ्याचदा खराब होतो. घर विकायची वेळ आली तर पाटी घराबरोबर जाते की तुमच्याबरोबर हे विक्रीच्या कागदात लिहून घ्या, आणि जागा बदलली तर ट्रेलच्या कमिटीला कळवा म्हणजे लोक जुन्या पत्त्यावर शोधत फिरणार नाहीत.